पहिल्या घंटेला

ती खुर्ची खिडकीजवळ ओढून घे, हेमा. तिचा एक पाय आखूड आहे, त्याखाली हा पुठ्ठा सरकव. बस. आज तुझा पहिलाच दिवस, आणि तू सांगितलेल्या वेळेच्या तासभर आधी आलीस. आल्या आल्या मोबाइल बंद करून पिशवीत टाकलास. कामाची मुलगी दिसते, असं मी मनात म्हटलं.

आत्ता घंटा वाजली. मी फोन उचलला, ऐकला आणि ठेवला. कोण होतं, असं तू विचारलंस. सांगते. गेनबाकाका चहा आणायला गेलेत. सोजरबाईंच्या टपरीवर या वेळी कंपन्या सुटल्याची गर्दी असते, त्यामुळे त्यांना थोडा वेळ लागेल.

तीन वर्षांपूर्वी, अशाच डिसेंबरात, मी पुलावरच्या या केबिनमध्ये पहिल्यांदा आले ती एक मोजपट्टी आणि एक फॉर्म घेऊन. मी तेव्हा समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला होते. आम्ही पाच जणांनी या पुलाबद्दल तक्रार केली होती. कठडा बुटका आहे, मधले दिवे बंद आहेत, इथे माणसं जीव देतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही, असं आम्ही लिहिलं होतं. पुलाच्या कार्यालयाचं उत्तर एका ओळीचं आलं. 'मदत-पेट्यांवरून नऊ महिन्यांत एकही कॉल आलेला नाही, सबब त्या काढून टाकण्याचे प्रस्तावित आहे.' आम्ही जास्त मागितलं, तर होतं तेही काढून घ्यायला निघाले. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता त्याची बैठक होती. त्याआधी कठड्याची उंची मापायची आणि चारही पेट्या चालू आहेत का ते बघायचं, एवढंच माझं काम होतं.

पेट्या तू येताना पाहिल्यास. पिवळा डबा, एक लाल बटण. कुणी बटण दाबलं की या फळ्यावर त्या नंबरचा दिवा लागतो आणि घंटा वाजते. आपण हा रिसीव्हर उचलायचा आणि बोलायचं. यात समजायला अवघड काहीच नाही. मला तरी तसं वाटलं होतं.

त्या संध्याकाळी केबिनमध्ये गेनबाकाका एकटेच होते. याच गावचे. त्यांची जमीन पुलावर चढणाऱ्या रस्त्यात गेली आणि बदल्यात ही रखवालीची नोकरी मिळाली. मांडीवर वर्तमानपत्र पसरून ते शेंगा सोलत होते. मी माझं नाव सांगितलं, काम सांगितलं. ते म्हणाले, "मापा की. पूल कुठं पळून जातोय."

बाहेर खराडीच्या काचेच्या इमारतींमध्ये दिवे लागत होते. खाली नदीवर जलपर्णी पसरलेली, तिच्यावर धुकं उतरत होतं. तो वास तुला आत्ताही येत असेल, साचलेल्या पाण्याचा आणि साबणाचा. पुलाच्या सांध्यावरून ट्रक गेला की दोन ठोके ऐकू येत. धप्, धप्. थोडं थांबून पुन्हा. कुणीतरी खालून दार वाजवावं तसं.

सहा चाळीसला घंटा वाजली. एकदाच, आखूड.

काकांचे हात थांबले. मी फळ्याकडे पाहिलं. एकही दिवा लागलेला नव्हता.

"काका, घंटा."

"वाजू दे."

"वाजू दे म्हणजे?"

"खरं मानूस आसंल तर परत वाजवंल. तिसऱ्यांदा वाजली की उचलायचा. आमच्यात तसंच हाय."

मला वाटलं, ते माझी थट्टा करतायत. पण त्यांनी मान वर केली नाही. हळूहळू, तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. पूल होण्याआधी इथे नदीला उतार होता. पायी पलीकडे जायची वाट. दिवेलागणीला त्या उतारावरून हाक यायची, एकदाच. माणूस असेल तर तो दुसऱ्यांदा हाक मारतो, तिसऱ्यांदा मारतो. ते एकदाच मारतं. पहिल्या हाकेला ज्यानं ओ दिली, तो गेला. काकांच्या वडिलांनी त्यांना हे शिकवलं. काकांनी ते या केबिनमध्ये आणलं आणि पाळीवर येणाऱ्या बाकीच्या रखवालदारांनाही शिकवून ठेवलं.

भिंतीवर कार्यालयाच्या सूचना इंग्रजीत छापून लावल्या होत्या. त्यातली पहिली सूचना अशी होती की घंटा वाजताक्षणी फोन उचलावा. तिच्यावर काकांनी पंचांगाचं कॅलेंडर टांगलं होतं.

"मग नऊ महिन्यांत कुणीच तीनदा वाजवली नाही?"

"न्हाई."

"आणि एकदा?"

ते शेंगेचं टरफल बोटांत धरून बसले.

हेमा, मला त्या क्षणी इतका राग आला की भीती मागे पडली. ज्याला जगणं नकोसं झालंय तो माणूस बटण एकदा दाबतो, तेच त्याला किती जड जात असेल. आणि इथे एक जण तिसऱ्या घंटेची वाट बघत शेंगा सोलतोय. मी उठले आणि रिसीव्हर उचलला.

"नको, पोरी," काका म्हणाले. "दिवा लागलेला न्हाई. त्या घंटेला दिवा लागतच न्हाई..."

कानात आधी नुसतं पाणी होतं. खूप लांब, खोल. मग एका बाईचा आवाज, दमलेला.

"आहे का कुणी?"

"आहे," मी म्हणाले. "बोला. मी आहे."

पलीकडे शांत झालं. अशी शांतता की जणू तिनं हा प्रश्न खूप वेळा विचारला होता, पण उत्तर आल्यावर काय बोलायचं हे तिनं ठरवलंच नव्हतं. मग ती म्हणाली, "चारपाशी." आणि नुसता खरखराट. रिसीव्हर खाली ठेवला तेव्हा माझ्या हाताला वास येत होता. ओल्या पालेभाजीचा.

मी निघाले. काका दारात आडवे उभे राहिले. "ओ दिलीस ती दिलीस. आता जाऊ तरी नको." मी त्यांच्या हाताखालून बाहेर पडले.

चार नंबरची पेटी पुलाच्या मध्यावर आहे. तीन आणि चारच्या मधले दिवे तेव्हा बंद असत. उजव्या हाताला गाड्यांची रांग, सगळ्यांच्या काचा वर, कुणी बघत नाही. डाव्या हाताला कठडा आणि त्याच्या पलीकडे राखाडी पोकळी. अंधाराच्या पट्ट्यात शिरले तेव्हा माझ्या पुढे कुणीतरी चालत होतं. मला दिसलं नाही. पावलं ऐकू येत होती, अनवाणी, ओल्या फरशीवर पडतात तशी. पदपथ कोरडा ठणठणीत होता. मी थांबले की ती थांबत. मी चालले की चालत.

वाटलं, मागे फिरावं, काकांच्या शेंगा खाव्यात, उद्या बैठकीत भाषण करावं. मग माझा मलाच राग आला. मी अंधाराकडे बघून मोठ्यानं म्हणाले, "थांबतेस कशाला? पुढे चल. मी येतेय."

पावलं चालू लागली. आता जरा भरभर.

चार नंबरच्या पेटीखाली एक गृहस्थ बसले होते. साठीच्या पुढचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, पाठ कठड्याला. चपला काढून शेजारी जोडीनं ठेवलेल्या, देवळाबाहेर ठेवतात तशा. आजूबाजूला दुसरं कुणी नव्हतं.

"नमस्कार," मी म्हणाले. धाप लागली होती, तेवढंच जमलं.

"नमस्कार. आपण पोलीस?"

"नाही. मी कॉलेजात आहे."

"मग घरी जाऊन अभ्यास करा. परीक्षा जवळ आली असेल."

"तुम्ही चपला का काढल्यात?"

"नव्या आहेत. चावतात."

चपलांच्या टाचा पार झिजल्या होत्या. "नव्या नाहीत त्या," मी म्हणाले.

"निरीक्षण चांगलं आहे. गुण मिळतील."

या पुलावर तू पहिली गोष्ट शिकायची ती ही, हेमा. आडून विचारायचं नाही. विचारल्यामुळे कुणाच्या डोक्यात ते नव्यानं येत नाही. मला तेव्हा हे पुस्तकातून माहीत होतं, तोंडातून कधी निघालं नव्हतं. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर खाली बसले आणि विचारलं, "तुम्ही जीव द्यायला आलात का?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"इतकं तोंडावर विचारतात का?"

"मला दुसरं येत नाही."

एक ट्रक गेला. धप्, धप्.

"हो," ते म्हणाले. कुणी किती वाजले विचारावं आणि सांगावं, तसे.

"बरं. मग मी इथेच बसते."

"किती वेळ?"

"घरचे म्हणतात, मला सगळ्याची घाई असते. आज नाही."

माझ्या हातातल्या मोजपट्टीकडे त्यांचं लक्ष गेलं. "हे काय?"

"कठडा मापायचाय. उद्या बैठक आहे. तो उंच करून घ्यायचाय."

"कुणासाठी?"

"तुमच्यासाठी."

"आमचं मत घेतलं होतंत?"

"आता घेते. हे टोक धरा जरा. एकटीला नीट जमत नाही."

मी उठून वाहत्या रस्त्याच्या बाजूनं, पदपथाच्या आतल्या कडेला उभी राहिले आणि पट्टीचं टोक त्यांच्यापुढे धरलं. खूप वेळ त्यांनी ते घेतलं नाही. मी मुद्दाम काही केलं नव्हतं, पण पट्टी माझ्या हातात तिरकी लोंबत होती, आणि ते त्यांना बघवेना.

"असं मापतात का?" ते उठत म्हणाले. "मी तीस वर्षं जमिनीची मोजणी केली. पट्टी ताणा. ताणा म्हणतो. आणि शून्य कुठे धरलंय तुम्ही? ही काय साडी मापायची आहे?"

त्यांचं नाव श्यामसुंदर. ते कशानं इथवर आले, ते त्यांनी मला नंतर सांगितलं. एक कारण नव्हतं, बरीच होती, आणि ती त्यांची आहेत. एवढं सांगते की पट्टी गुंडाळून होईपर्यंत ते कठड्यापासून दोन पावलं आत आले होते. आणि चपला घालून माझ्याबरोबर निघालेही होते.

निघताना त्यांनी मागे वळून पाहिलं. "त्या बाई कुठे गेल्या?"

"कुठल्या बाई?"

"मघापासून इथेच बसल्या होत्या, माझ्या शेजारी. मी जाऊ लागलो की हात धरत होत्या. फार गार हात. एकदाच बोलल्या." त्यांनी मनगट चोळलं. "म्हणाल्या, थांबा, या वेळी उचललाय."

मी विचारलं, "बटण तुम्ही दाबलंत ना?"

"मी? मला मदत मागायची सवय नाही. तोच तर घोटाळा झाला." मग चालता चालता, "अंगाला मेथीचा वास येत होता त्यांच्या. नुकत्या धुतलेल्या जुडीचा."

केबिनमध्ये आल्यावर मी त्यांच्या मुलीला फोन लावला. ती येईपर्यंत काकांनी त्यांना तीन वेळा चहा पाजला, स्वतःची शाल पांघरवली. मुलगी त्यांना घेऊन गेली, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेणार म्हणून. मग मी काकांना मेथीचं सांगितलं.

काका खुर्चीत बसले ते जणू कुणी ढकललं म्हणून.

"आनंदीबाई," ते म्हणाले. "आमच्याच गावची. पहाटंच्या टेंपोनं मेथी घेऊन मंडईत जायाची. आखाडात एक दिवस, दिवेलागणीला, चारचा दिवा लागला. घंटा एकदा वाजली. मी हितंच व्हतो. तिसरीची वाट बघत बसलो." त्यांचा आवाज खाली गेला. "दुसरी बी न्हाई वाजली, पोरी. सकाळी नदीत घावली ती. तवापास्नं ही बिनदिव्याची घंटा."

मी त्यांचं सांत्वन केलं नाही. आज कदाचित केलं असतं. तेव्हा मी म्हणाले, "तुम्ही भुताला भ्यायलात आणि माणसाला सोडलंत. हाकेला ओ दिली म्हणून इथे कुणी मेलं नाही, काका. दिली नाही म्हणून मेली." आणि दार आपटून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी बैठकीत कार्यालयाच्या साहेबांनी कागद वाचला. नऊ महिने, कॉल शून्य, पेट्या निरुपयोगी. मी माझी मापं काढायला पिशवीत हात घातला, तेवढ्यात दार उघडलं. धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा. गेनबाकाका आत येऊन भिंतीला टेकून उभे राहिले. कुणी बसा म्हटलं नाही.

"सुन्य न्हाई, साहेब," ते म्हणाले. "दिवा लागून घंटा अकरा येळा वाजली. मी उचललाच न्हाई."

साहेब म्हणाले, "गेनबा, हे लेखी घेतलं तर तुमची नोकरी जाईल."

"घ्या की लेखी."

आणि त्यांनी अकराही वेळा सांगितल्या. तारखा नाहीत, त्यांना तारखा येत नाहीत. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी, दोनचा दिवा. बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, एकचा. आखाडात, चारचा. प्रत्येक वेळी ते कुठे बसले होते आणि हातात काय होतं, हेही सांगितलं. खोलीत पंखा फिरत होता, तो कुणीतरी बंद केला. त्या अकरांमधले किती जण घरी परतले, ते अजून कुणाला माहीत नाही.

पेट्या राहिल्या. काकांची नोकरी गेली. आता इथे ते तुझ्यामाझ्यासारखेच स्वखुशीनं येतात, आणि त्यांच्याइतक्या चपळाईनं फोन उचलणारं दुसरं कुणी नाही. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, बरोबरच बोललीस. कठडा उंच व्हायला एक वर्ष आणि सात पत्रं लागली. तो झाल्यावर श्यामसुंदरकाका स्वतःची पट्टी घेऊन आले, पूर्ण पूल मापला आणि दोन बोटं कमी भरल्याचं आठवं पत्र पाठवलं. ते दर गुरुवारी पाळीला असतात. लोकांशी फार खडूस बोलतात. लोक त्यांच्याशी तासन्‌तास बोलतात.

आता घंटेबद्दल. दिवा न लागता ती वाजूच शकत नाही, असं वायरमन म्हणतो. दोनदा सगळी जोडणी उघडून दाखवली त्यानं. मी वाद घालत नाही. भूत आहे की नाही, याच्याशी मला देणंघेणं नाही. मला एवढंच कळतं की घंटा वाजली, तर कुणीतरी उचलायला हवा. कुणाला हे वेडेपण वाटत असेल तर त्यांनी खुशाल हसावं, पण इथे येऊन पाळी करावी आणि मग हसावं.

ती रोज वाजवत नाही. वाजवते तेव्हा सहा चाळीसलाच. आता 'आहे का कुणी' असं ती विचारत नाही. फक्त नंबर सांगते. 'एक.' 'तीन.' आपण पळतो. आणि तिथे कुणीतरी असतं, ज्यानं बटण दाबलेलं नसतं. ती एकदाही चुकलेली नाही. आणि एकदा वाजवली की त्या दिवशी पुन्हा कधीच नाही.

आज मात्र तिनं नंबर सांगितला नाही, हेमा.

म्हणून मी पळाले नाही. म्हणून तुला इतका वेळ समोर बसवून घेतलं, आणि दाराकडे पाठ करून मी बसले. ती एकच शब्द बोलली. 'आत.'

या केबिनमध्ये आपण दोघीच आहोत. ती माझ्याबद्दल तर बोलत नाही ना, असं मी स्वतःला विचारून पाहिलं, अगदी प्रामाणिकपणे, तुला आनंदीबाईंचं सांगता सांगता. मग तुझा तो बंद मोबाइल आठवला. तासभर आधी येणं आठवलं. आल्यापासून तुझं खिडकीतून एकाच बाजूला बघणं.

माझी चूक होत असेल तर रागव, खुशाल हस. पण मी सरळ विचारणार. तू इथे पाळी करायला आलीस, की जीव द्यायला?

उत्तराची घाई नाही. मी कुठे जाणार नाही, गेनबाकाका चहा आणतील, पाळी बदलायला श्यामसुंदरकाका येतील, आणि आपण रात्रभर बोलू लागलो तरी चालेल.

थांब. घाबरू नकोस. घंटा ऐकलीस ना तूही?

फळ्याकडे बघ, चारांतला एकही दिवा लागलेला नाही. म्हणजे तीच. आणि तीन वर्षांत तिनं कधीच दुसऱ्यांदा वाजवलेली नाही...

वाजू दे. तिला मी सांगेन, आधी हेमाचं ऐकू दे, थोडं थांब म्हणून. तो मेथीचा वास आहे, माझ्या हाताला येतोय. तुझा हात दे इकडे. किती गार पडलाय.

बोल, हेमा. मी उचललाय.